पाचवा ऑक्सिजन

गॅस गिझर दुरुस्त करण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण लेकीच्या रसायनशास्त्रापुढे ते हात टेकायचे. आज मात्र तिच्या वहीत डोकावून ते खेकसले, "हे काय केलंस?"

"प्रोपेनचं ज्वलन. डावीकडे ऑक्सिजनचे चार रेणू घेतले, तर उजवीकडे दोन अणू जास्त होत होते. म्हणून तीनपैकी दोन कार्बन डायऑक्साइडचे मोनॉक्साइड करून टाकले. जुळलं की नाही?"

"जुळलं, पण माणूस मेला! हवा कमी पडली की गिझरमध्ये हाच वायू होतो. ना वास, ना रंग. उजवीकडे खाडाखोड करू नकोस, डावीकडे ऑक्सिजन वाढव."

तिने चाराचे पाच केले. सगळं चोख बसलं. मग पेन्सिल चावत तिने विचारलं, "बाबा, बाथरूमच्या झरोक्याला तुम्ही थंडीसाठी पुठ्ठा ठोकलाय. मग आपल्या गिझरला पाचवा कुठून मिळतो?"

गिऱ्हाइकांना खिडकीवरून रोज झापणारे बाबा तडक बाथरूमकडे गेले. स्टूल ओढून ते खिळे उपटू लागले. पुठ्ठा गिझरच्याच खोक्याचा होता. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: खिडकी उघडी ठेवा.