कालच आवळलेले नट

मी एक जुना नट आहे. नट म्हटल्यावर तोंडाला रंग फासलेला माणूस डोळ्यांसमोर आणू नका. मी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा नट. त्या चाकावर आम्ही चौघे आहोत. होतो, असं म्हणायला हवं. मित्रांनो, माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून माझी कहाणी आटोपशीर सांगतो.

कारखान्यात पोलादाचा तुकडा ठोकून मला सहा बाजू दिल्या आणि पोटात आटे पाडले. गाडीला चाकाच्या जागी चार जाड स्टड असतात, बिनडोक्याच्या बोल्टसारखे. त्यांच्यावर चाक चढवतात आणि वरून आम्हाला फिरवून बसवतात. यंत्राने मला माझ्या स्टडवर मोजून आवळलं, ना कमी ना जास्त. तेव्हा मी फार सुखात होतो.

आमचे मालक शाळेत गणित शिकवायचे. गॅरेजवाल्यांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. तेल बदलायचं, ब्रेक साफ करायचे, सगळं ते अंगणात पालथे पडून स्वतः करत. फक्त आमच्याकडे कुणी बघितलं नाही. पाच पावसाळे अंगावर घेतले आणि मी गंजून स्टडला घट्ट चिकटून बसलो.

मग तो दिवस आला. मालकांची सहा वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती. दवाखान्याच्या वाटेवर, भर उन्हात, टायर पंक्चर झाला. तिघे जण कसेबसे सुटले. मी सुटेना. मालकांनी तेल ओतलं, हातोडी मारली, पान्यावर उभे राहिले. मागच्या सीटवर ती पोर कण्हत होती आणि मी हटून बसलो होतो. सव्वा तास मी त्यांच्या नाकी नऊ आणले. मुलगी वाचली, पण त्या सव्वा तासाची मला आजही लाज वाटते.

"पुन्हा हा नट मला अडवणार नाही," मालक त्या दिवशी म्हणाले. ते शब्दाला पक्के निघाले.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ते आम्हाला खोलत, तारेच्या ब्रशने घासत आणि आट्यांत बोटभर ग्रीस भरत. मग पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवून अंगाचा सगळा भार टाकत. शेजारी म्हणत, "गाडी ठेवावी तर सरांनी." मी लोण्यासारखा फिरायचो आणि आतून माझा स्टड कण्हायचा.

मालकिणीचा भाऊ बसच्या डेपोत मेकॅनिक होता. त्याने एकदा हा प्रकार पाहिला आणि तो पुढेच आला.

"भाऊजी, अहो, ग्रीस लावून एवढं आवळायचं नसतं. नट सरसर फिरतो, तुम्हाला कळतही नाही आणि स्टड ताणला जातो. त्यात तुम्ही वर पाईप घालता!"

"तुमच्या बसला नसेल लागत," मालक हसून म्हणाले. "या गाडीत माझी मुलगी बसते."

अति तेथे माती हे मालक रोज वर्गात सांगत असतील, पण ते पोरांसाठी. घरातल्या प्रेमाला कोण जास्त म्हणणार?

ती मुलगी आता नोकरीला लागली आहे. आज ती पहिल्यांदाच एकटीने गाडी घेऊन निघाली. म्हणून काल मालकांनी आम्हाला पुन्हा आवळलं, नेहमीपेक्षा जास्तच. माझा स्टड आत कुठेतरी 'कट्' वाजला. मालकांना वाटलं, नट छान बसला. त्यांनी वरून चकचकीत चाककॅप दाबून बसवली.

आज सकाळी चढावरच्या तिसऱ्या खड्ड्यात शेजारचा स्टड तुटला. थोड्या वेळाने समोरचा गेला. दोन्ही नट तुकड्यांसकट कॅपच्या आत खडखडू लागले. चढ संपताच रस्त्याकडेला गॅरेज होतं. मुलीने आवाज ऐकून गाडी तिथे थांबवली. शहाणी मुलगी! माझा जीव भांड्यात पडला.

गॅरेजवाला हात पुसत आला. "कॅप काढून बघतो, ताई. दोन मिनिटांचं काम आहे."

तिने आधी घरी फोन लावला.

"अगं, कालच आवळलेत मी ते नट, माझ्या हाताने," मालकांचा आवाज आला. "कॅप सैल असेल, तीच वाजत असणार. त्याला हात लावू देऊ नकोस, ही माणसं नट कायमचे अडकवून ठेवतात. सावकाश जा. संध्याकाळी मी बघतो."

"बरं, बाबा."

गॅरेजवाला कॅप काढायला चाकाजवळ वाकला होता. "राहू दे, काका," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

मित्रांनो, लोखंडाची काळजी घ्या, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच सांगतो, की तुमची काळजी करणारं माणूसही चुकू शकतं, आणि अशा वेळी नुसतं 'बरं' म्हणून निघू नका. त्यांचं मन थोडं दुखेल, दुखू द्या. मला भीती वाटते आहे. तिला ऐकू जाईल असं मला काही बोलता येत नाही. पुढे उतार आहे, वळणं आहेत, आणि आम्ही दोघेच उरलो आहोत.