सिम्युलेटरमधलं शांत आकाश

उतरता उतरता, जमीन हातभर राहिली असताना, ड्रोन अचानक उसळला, तिरका झाला आणि सरळ रिमोट धरून उभ्या असलेल्या भाऊजींच्या अंगावर गेला. तोंड वाचवायला त्यांनी डावा हात आडवा घातला. पात्यांनी तळहात आणि बोटं फाडली. त्यांची मेहुणी मैदानाच्या कडेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ती धावली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आधी ते क्रेन चालवायचे. ड्रोन उडवायचं हे काम तिनेच त्यांना आपल्या कंपनीत मिळवून दिलं होतं. ताई कौतुकाने सांगायची, "ह्यांच्या हातात काठोकाठ भरलेला कप द्या आणि जिना चढायला लावा. बशी कोरडी राहील!"

मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी निकाल लावून टाकला. "कोड सिम्युलेटरवर इतक्या वेळा पास झालाय. त्यांना रिमोटची दांडी ओढायला उशीर झाला, बस. माणसाचा हात आहे, चुकायचाच."

कोड तिचा होता, आणि खऱ्या ड्रोनवर तो त्या दिवशी पहिल्यांदाच चढवला होता. उंची किती, कल कुठे, हे सेन्सरला सतत विचारायचं आणि त्याप्रमाणे मोटरी फिरवायच्या, एवढंच त्याचं काम. सिम्युलेटरला, म्हणजे संगणकातल्या नकली उड्डाणाला, जोडला की सेन्सरचं सोंग सिम्युलेटर घ्यायचा, आणि खऱ्यासारखेच थोडे चुकीचे, थरथरते आकडे द्यायचा. ते आकडे आले की पडद्यावरचा ड्रोन डुलायचा आणि पडायचा. ग्राहक बघायला येणार होते, मॅनेजर डोक्यावर बसला होता. तेव्हा तिने मधला रस्ता काढला. सेन्सरचं सोंग बंद केलं आणि सिम्युलेटरला ठाऊक असलेली बिनचूक उंची थेट कोडला जोडून दिली. ड्रोन खिळा ठोकल्यासारखा हवेत उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर नीट करू, असं ती मनाशी म्हणाली, आणि कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं.

अपघातानंतर तिने सेन्सरचं सोंग पुन्हा चालू केलं. जमिनीजवळ पंख्यांचा वारा उलटून वर येतो, उंचीचे आकडे भरकटतात, तेही त्यात घातलं. पडद्यावरचा ड्रोन उतरता उतरता उसळला आणि तिरका झाला. हुबेहूब मैदानातल्यासारखा.

तिने लॅपटॉप मिटला. कुणाला काही बोलली नाही. उद्या सांगू, असं रोज ठरवायची आणि रोज पुढे ढकलायची.

शनिवारच्या सुट्टीला ती ताईकडे गेली. भाऊजींनी गाडीची किल्ली ताईला देऊन टाकली होती. चहा आला तेव्हा चांगल्या, उजव्या हातानेही त्यांनी कप उचलला नाही. गार होऊ दिला.

"हे म्हणतात, हात कापतो," ताई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "मला तर काही दिसत नाही गं. तुला दिसतं का?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि सिंकमधला स्वच्छ ग्लास पुन्हा विसळायला घेतला.

निघताना भाऊजी दारापर्यंत आले. "इंजिनियरबाई, मला एकदा तुझ्या त्या पडद्यावरच्या खेळावर बसव ना. बघू दे, हातात काय उरलंय ते."

सोमवारी ते ऑफिसात आले. डावा अंगठा तेवढा पट्टीच्या बाहेर होता. "एवढा पुरे," म्हणत त्यांनी रिमोट घेतला. तिच्यापुढे दोन्ही आकाशं होती. बिनचूक आकड्यांचं शांत आकाश लावलं असतं तर ड्रोन अलगद उतरला असता आणि ते खूश होऊन घरी गेले असते. तिचा हात माउसवर थबकला. मग तिने थरथरत्या आकड्यांचं खरं आकाश लावलं.

ड्रोन उतरता उतरता उसळला आणि पडला. भाऊजींनी रिमोट धरलेल्या हातांकडे बघितलं. "बघितलंस? माझेच हात."

"भाऊजी, रिमोट खाली ठेवा."

"अगं, झालं की आता."

"ठेवा ना. आणि नुसतं बघा."

त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला. तिने ड्रोनला आपला आपण उतरायला सांगितलं. कुणाचाही हात न लागता तो तसाच उसळला, तसाच पडला. तिने पुन्हा लावलं. पुन्हा पडला.

मग तिने सगळं सांगितलं. ते पडद्याकडेच बघत होते.

"कधी कळलं तुला?"

"अपघातानंतर दोन दिवसांनी."

"म्हणजे परवा घरी आलीस, तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"हाताचं सोड. चुका सगळ्यांच्या होतात," ते उठत म्हणाले. "पण मी रोज सकाळी हात पुढे धरून बघत बसायचो गं, कापतोय का म्हणून."

तिने त्याच दुपारी मॅनेजरला सांगितलं. त्याने आधी आवाज चढवला, मग दार लावून घेतलं. उड्डाणं थांबली, तिचं काम दुसऱ्या मुलीकडे गेलं, आणि अपघाताच्या अहवालात कोडची चूक तिच्या नावासकट लिहिली गेली. तिने सही केली.

जखम भरल्यावर भाऊजी पुन्हा ड्रोन उडवायला लागले, दुसऱ्या कंपनीत. ताईचा फोन येतो, पण कामापुरता. एकदा भाऊजींनीच उचलला. "बरी आहेस ना?" म्हणाले. ती हो म्हणाली. मग त्यांनी फोन ताईला दिला.