तबकडी बदललीच नव्हती

हे लिहायचंच नाही असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. लॅपटॉप उघडायचा, चार ओळी बडवायच्या, पुसून टाकायच्या, असं कितीदा झालं.

त्याचं आणि त्याच्या दोस्ताचं वेड एकच. रोमँटिक काळातली एखादी भलीमोठी सिंफनी घ्यायची आणि दोन कंडक्टरांनी ती आपापल्या वाद्यवृंदाकडून कशी वाजवून घेतलीय ते ताडून बघायचं. दोस्त नाट्यगृहात साउंड सांभाळायचा, म्हणून त्याचं नाव पडलं 'कानसाहेब'. निवाडा साहेबांचा, तो ब्लॉगवर लिहायचं काम याचं. हा फक्त कुठली ते न सांगता तबकडी लावणार आणि लगेच स्वयंपाकघरात पळणार, कारण याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

परवा संथ भाग लावला.

"वा!" साहेब खूश. "ओबो ऐकलास? सनईच्या सुरात एकटं पोर घरी परत येतंय, आणि व्हायोलिनं सरकून त्याला जागा देतायत."

मग डोळ्यांवर ऊन आलं म्हणून साहेब समोरच्या खुर्चीत गेले. दुसरी फेरी.

"हा कोण खाटीक? ओबो गिळलाय पार! गोधडीत गुंडाळून वाजवलंय."

हा तबकडी काढायला आला, तर दुसरी अजून तिच्या कव्हरातच. गप्पांच्या नादात बदललीच नव्हती.

"कापलं नाक, कानसाहेब! दोन्ही वेळा तीच होती!"

आता शिव्या पडणार म्हणून हा हसत उभा राहिला. शिव्या आल्याच नाहीत. दोस्ताचा हात उजव्या कानाशी गेला.

"खुर्ची बदलली ना. स्पीकर या बाजूला आले."

याचं हसू तोंडातच राहिलं. "कधीपासून?"

"थंडीपासून. कामावर मान वळवून भागवतो."

"डॉक्टर?"

"आणि मग? साउंडवरून उचलून तिकीट फाडायला बसवतील मला." दोस्ताने तबकडी उचलून हातात घेतली. "त्या बिचाऱ्या कंडक्टरला खाटीक म्हणालो रे मी. उद्या एखाद्या गाणारीचा आवाज असाच मारून टाकीन."

"मी कुणाला सांगत नाही."

"सांगायचं मलाच आहे. मी कामावर बोललो की तू लिही, दोन्ही निवाडे छाप. पण कीव करून माझ्या हो ला हो केलंस, तर दोस्ती खलास."

"नाही करणार. जिथे तुला ऐकू येणार नाही तिथे तोंडावर म्हणेन, नाही आलं तुला. आणि डॉक्टरकडे तुझ्या उजव्या बाजूला मी बसेन. शब्द दिला."