व्याह्यांच्या गाड्या

बाईंनी गोठलेल्या वाटाण्याची पिशवी उचलली आणि कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ वाजायला हवं होतं. वाजलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, तर दाणे एकमेकांना चिकटून आत चक्क वीट झाली होती.

"काय विहीणबाई, मंडईत आलात की काय?" शीतगृहाच्या दारात उभे असलेले व्याही हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरातून इस्पितळांना गोठवलेलं जेवण जायचं. कामं वाढली, घरची एक गाडी पुरेना, तेव्हा वाहतूक बाहेर कुणाला तरी द्यायचं ठरलं. ही बातमी लागताच व्याह्यांनी आपल्या गाड्या पुढे केल्या. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं त्या म्हणाल्या तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायका पोट धरून हसल्या होत्या. आज मात्र ते हसणं अंगाशी आलं होतं. करारावर सही करण्याआधी त्या माल बघायला आल्या, तर व्याह्यांच्या गाडीतून नुकत्याच उतरलेल्या पिशवीत ही वीट.

गोठलेला वाटाणा सुटा असतो. वितळून पुन्हा गोठला, तरच त्याचा असा गठ्ठा होतो. म्हणजे हे लोक वाटेत गाडीचा थंडावा बंद ठेवतात, डिझेल वाचवतात, आणि मुक्काम जवळ आला की पुन्हा चालू करतात. उतरवताना माल बर्फासारखा कडक, कुणाची शंका घ्यायची बिशाद नाही. आणि उद्या या गाड्यांतलं जेवण जायचं कुणाच्या पोटात? नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाच्या, बाळंतिणीच्या.

"हे वाटेत वितळलंय," बाई म्हणाल्या.

"छे हो! तुमच्याच लेकीला विचारा की. थंडाव्याच्या सगळ्या नोंदी तीच लिहिते." त्यांनी वळून हाक मारली, "सूनबाई!"

काचेच्या केबिनमधून लेक आली. फ्रॉक घालायच्या वयापासून ती आईच्या ओट्याशी वाढलेली. पिशवी हलवून बघायला आईनंच तिला शिकवलं होतं. तिनं पिशवी घेतली, पण हलवली नाही.

"वजनानं चिकटतात, आई. खाली दबलेली असेल."

हे ती सासऱ्यांच्या बुटांकडे बघत बोलली. पोरगी खोटं बोलत होती, आणि आईला ते कळावं म्हणून मुद्दाम न पटेलसं बोलत होती.

व्याह्यांनी शेजारच्या टेबलावरच्या करारावर पेन ठेवून तो पुढे सरकवला. आवाज अगदी मऊ.

"घरच्या माणसाची एवढी तपासणी बरी नव्हे. उद्या चार लोकांत बोलणं झालं, तर बोल पोरीलाच लागायचा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंनी लेकीकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही. पिशवी मात्र तिनं छातीशी घट्ट धरली होती, आणि तिची बोटं गारठून लाल झाली होती.

"नाही जमायचं, व्याहीबुवा," बाई म्हणाल्या. पेन त्यांनी परत सरकवलं.

व्याही चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हसले.

"हरकत नाही. व्यवहार वेगळा, नातं वेगळं. सूनबाई, आईला फाटकापर्यंत सोड. आणि लगेच ये."

बाहेर रणरणतं ऊन होतं. दोघी बाईंच्या गाडीपाशी आल्या.

"रागावलीस?" बाईंनी विचारलं.

"बरं केलंस." लेकीनं मागे नजर टाकली. व्याही दारातच उभे होते. "हो म्हणाली असतीस, तर मला कायम खोटं लिहावं लागलं असतं. आता मी फोन करेपर्यंत तू करू नकोस."

बाईंनी गाडीचं दार उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"बस आत. आहे तशी चल."

लेकीनं उघड्या दाराकडे पाहिलं, मग रिकाम्या सीटकडे.

"बाळ त्यांच्याकडे आहे, आई," ती म्हणाली, आणि भरभर परत चालू लागली. व्याह्यांनी तिला आत जायला वाट करून दिली, आणि बाईंना हात हलवून निरोप दिला.