सतरा नंबरचा गुणाजी

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. माझ्या पाठीची तार वाकडी आहे, बोटात शिरेल. आणि खरं सांगू? कुणी मला एकदम उचललं की मला संशयच येतो. मी कल्याणच्या मालधक्क्यावरच्या हमालाचा पितळी बिल्ला आहे. आता जुना झालो आहे. माझ्यावर सतरा नंबर ठोकलेला आहे. नाव नाही. नाव ठेकेदाराच्या वहीत असतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आगगाडी कल्याणला पोचली त्याच साली ठाण्याच्या एका तांबटाने माझ्यासारखे चाळीस बिल्ले बनवले. तेव्हा बिल्ले जास्त आणि माणसं कमी, अशी गंमत होती. त्या धूर ओकणाऱ्या गाडीजवळ जायला लोक भीत. ठेकेदाराचा माणूस शहाड, आंबिवलीकडच्या गावांत फिरून 'कामाला चला हो' अशा विनवण्या करी. त्याच्याबरोबर आंबिवलीचे दोन जिवलग शेजारी आले. एक गुणाजी. दुसरा राघोचा बाप. हा राघो पुढे भेटेलच; तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

राघोच्या बापाने मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विंचू झटकावा तसं टाकून दिलं. "नंबर ढोरांना मारतात, मानसांना नाय," तो म्हणाला. "आज छातीला लावतील, उद्या म्हनतील चल, जहाजात बस, परमुलखात मजुरीला. आपल्याला नको रं बाबा." तो भात लावायला परत गेला. मला राग आला खरा, पण त्याचा संशय मला आवडलाही. गुणाजीने हसत हसत मला उचललं आणि बंडीला लावलं.

काय दिवस होते ते! गुणाजी भाताची पोती उचली, मिठाची पोती उचली. मिठाचं पाणी अंगावर गळून मी हिरवा पडे. मग त्याची बायको गोदूबाई मला चिंचेने घासून असा लखलखीत करी की व्यापारी लांबूनच हाका मारत, "ए सतरा, इकडे ये!" त्या कष्टावर गुणाजीने कौलारू घर बांधलं, दुभती म्हैस आणली, एकुलत्या एका पोराचं, पोपटचं, लग्न केलं. त्याचा हात माझ्यावर असला की मला कसलीच शंका येत नसे.

मग गुणाजी तापाने गेला. तेराव्यानंतर पोपटने मला आपल्या सदऱ्याला लावलं. वहीतलं नाव बदलावं असं ना त्याला वाटलं, ना ठेकेदाराला. नंबर हजर आहे ना, झालं तर! वहीत गुणाजी जिवंतच राहिला.

एव्हाना वारं फिरलं होतं. देशावर मोठा दुष्काळ पडून गेला होता आणि कामासाठी माणसांचे लोंढे येत होते. बिल्ले तेच चाळीस, आणि फाटकाबाहेर रोज दोनशे माणसं उभी. पोपटने एक पावसाळा कशीबशी पोती उचलली. मग त्याची पाठ दुखू लागली. दुखत होती की नाही, देव जाणे! मला तरी तो कण्हताना कधी ऐकू आला नाही.

त्याच सुमारास राघो आला. चार भावांत शेताच्या वाटण्या होऊन त्याच्या वाट्याला जेमतेम बांध आला होता. पोपट त्याला म्हणाला, "अरे, तू काय परका हायस? माझा बिल्ला लाव. मिळंल त्यातलं अर्धं तुझं, अर्धं माझं." राघोने हात जोडले. त्याला तो उपकार वाटला. मला मात्र तेव्हाच कळलं, इथे पाणी मुरतंय.

त्या दिवसापासून पोपट म्हणजे आयत्या बिळावर नागोबा! सकाळी तो मला राघोच्या छातीला लावी आणि पिंपळाखाली तंबाखू मळत बसे. संध्याकाळी अर्धे पैसे घेई आणि मला काढून घरी नेई, कारण राघो मला घेऊन पळेल असा त्याला संशय. उद्या पोपट मला दुसऱ्याच कुणाला देईल, असा राघोला संशय. मी तर दोघांकडेही डोळे वटारूनच बघे. हळूहळू पोपटने मेलेल्या हमालांचे आणखी तीन बिल्ले त्यांच्या बायकांकडून पडत्या भावात मिळवले आणि घरावर माडी चढवली. राघोही तीच मिठाची पोती उचलत होता, गुणाजीइतकीच, कदाचित दोन जास्तच. पण त्याच्या झोपडीवर नवा पेंढा टाकायलाही पैसे उरत नसत. मला याचं फार वाईट वाटे. काम तेच आणि बिल्ला तोच असताना घामाचं मोल अर्धं कसं झालं?

एक दिवस धक्क्यावर नवा ठेकेदार आला. त्याने हुकूम काढला, की परवा सगळ्यांनी समोर उभं राहायचं, वही नव्याने लिहायची.

राघोची बायको शेवंती भाकरी घेऊन आली होती. ती त्याच्या कानाशी लागली, "आता तरी आपलं नाव सांगा! सहा वर्सं पाठ मोडून घेताय. एकदा का वहीत राघो लिवलं, की पोपटभावजींचा संबंध संपला."

"आन नाय लिवलं तर?"

"नाय कसं? पोती कोन उचलतंय ते साऱ्या धक्क्याला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी पोपट मला खिशात टाकून, सुक्या बोंबलांची जुडी घेऊन स्वतः राघोच्या दारात आला. सहा वर्षांत पहिल्यांदा! मला तेव्हाच घाम फुटला असता, पण पितळेला घाम फुटत नाही. "नाव विचारलं तर गुणाजी सांग," तो लाडाने म्हणाला. "तू माझा भाऊच. पन फाटकाबाहेर उभी मानसं बघितलीस ना? त्यातला एकजन तिसऱ्या हिश्श्यावर यायला तयार हाय." शेवंतीने ती जुडी हातात घेतली नाही. जुडी उंबऱ्यावरच पडून राहिली.

हजेरीच्या सकाळी राघोचं काळीज माझ्यामागे धाडधाड उडत होतं. कुंपणापलीकडे पोपट उभा होता. कारकुनाने पुकारलं, "सतरा नंबर, गुणाजी!"

राघोने कुंपणाकडे बघितलं. अरे, बोल रे, बोल! मी मनात ओरडत होतो.

"हाजर," राघो म्हणाला.

ठेकेदाराने वहीत बोट ठेवलं आणि मान वर केली. "भरती झाला तेव्हा वय पंचवीस. त्याला छत्तीस वर्षं झाली. म्हणजे तू एकसष्ट वर्षांचा?"

धक्काभर हशा पिकला. राघोच्या मिशाही अजून काळ्याभोर होत्या. ठेकेदाराने मला त्याच्या छातीवरून खेचून काढलं. "गुणाजी मेलेला दिसतो. सतरा नंबर रद्द करा."

तेव्हा कुठे राघोच्या तोंडून शब्द फुटला. "साहेब, माझं नाव राघो. पोती मीच उचलतो, साहेब."

पण कारकुनाने अठरा नंबर पुकारला होता.

पोपटचं काय बिघडलं? त्याच्याकडे आणखी तीन बिल्ले होते. ते लावणाऱ्या हमालांना त्याने नावाबरोबर वयही पढवून ठेवलं होतं. राघो मात्र फाटकाबाहेरच्या दोनशेंत जाऊन उभा राहिला. शेवंती रोज दुपारी भाकरी घेऊन त्या गर्दीत त्याला शोधत असे, हे मला पुढे कारकुनाच्या बोलण्यातून कळलं.

त्या कारकुनाने मला खिशात टाकून ठाण्याला, नौपाड्यातल्या आपल्या घरी आणलं, त्याच्या मुलांना, म्हणजे तुम्हाला, खेळायला. तुम्ही मला छान घासता, याबद्दल माझी तक्रार नाही. पण काल अंगणात तुमच्यातल्या एकाने मला छातीला लावलं, धाकट्याच्या डोक्यावर गाठोडं दिलं आणि स्वतः ओट्यावर बसून चिंचा खाल्ल्या. मी सगळं बघितलं. मित्रांनो, एवढंच ऐका. जो गाठोडं उचलेल त्याला आधी त्याचं नाव विचारा, आणि मग मला त्याच्याच छातीवर लावा.