अर्ध्या घराचं बक्षीसपत्र

कापूस वेचून चांगुणा घरी आली, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात दोन अनोळखी माणसं फीत धरून भिंत मोजत होती. दाराला नुसती कडी होती, ती काढून बिनदिक्कत आत शिरली होती. "इंद्रभानभाऊनं अर्धा हिस्सा विकाले काढला, तो पाहून राह्यलो," त्यातला एक म्हणाला, जणू बाजारात वांगी चाचपत होता. चांगुणानं कोपऱ्यातला खराटा उचलला. माणसं फीत तिथंच टाकून जी पळाली, ती मलकापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत थांबली नाहीत.

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आपल्याच चुलीपाशी कुणी आपलं घर मोजून जातो म्हणजे काय! सकाळी तिनं ग्रामसेवकाला गाठलं.

घर सरकारच्या रमाई घरकुल योजनेतलं. मंजूर झालं ते नवरा-बायको दोघांच्या नावानं, आणि ते बरंच झालं म्हणायचं, नाहीतर चांगुणाचं नाव कुणी घातलं असतं? पण पायथा भरला, पहिला हप्ता आला, आणि इंद्रभान "दोन महिने सुरतले साडीच्या कारखान्यात जाऊन येतो" म्हणून जो गेला तो तिथलाच झाला. तिथं त्यानं दुसरा संसार थाटला. इकडे चांगुणानं जिवाचं रान केलं. मिस्त्रीच्या हाताखाली तीच, विटा वाहणारीही तीच, आणि रात्री पाणी मारायलाही तीच. पंचायत समितीचा इंजिनिअर दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढायचा, आणि फोटोत लाभार्थी घरासमोर उभा पाहिजे असा त्याचा हट्ट. पायथ्याच्या फोटोत दोघं आहेत. नंतरच्या सगळ्या फोटोंत एकटी चांगुणा, केसात सिमेंट आणि कपाळाला आठ्या.

"घरकुल विकता येत नाही, बाई," ग्रामसेवक म्हणाला. "पण त्यांचं नाव आहे तोवर ते येऊन बसू शकतात, कुणालाही आणून बसवू शकतात. त्यांनी आपला हिस्सा तुम्हाला रजिस्टर बक्षीसपत्रानं दिला, तर नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, तुमचं एकटीचं नाव लागेल. परवानगीचा कागद मी करून देतो. नवऱ्याला आणणं तुमच्याकडे."

नवऱ्याला आणणं! फोन केला की तो उचलायचा नाही, उचलला तर "आता कामावर हाये" म्हणून ठेवून द्यायचा. शेवटी चांगुणानं शेजारच्या पंचफुलाला सोबत घेतलं, मलकापूरला गाडी पकडली आणि सुरतेत कारखान्याच्या फाटकासमोर फतकल मारून बसली. पाळी सुटली. इंद्रभान चार माणसांत हसत बाहेर आला आणि तिला पाहून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मी भांडाले नाई आली," ती म्हणाली. "घराचा कागद करून द्या. नाई देत, तर खावटीची केस टाकतो. मंग तारखेले येत राहा मोताळ्याले."

इंद्रभान तसा वाईट माणूस नव्हे. नुसता बुळबुळीत. हातात धरलं तर निसटणार, सोडलं तर तिथंच पडून राहणार. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, आणि नवल म्हणजे आला.

मोताळ्याला त्या दिवशी आठवडी बाजार होता. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर अर्जुनराव दस्तलेखकाचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि टेबलाभोवती चौघं, म्हणजे चांगुणा, इंद्रभान, आणि साक्षीला पंचफुला व तिचा नवरा पुंजाजी. अर्जुनरावांनी चष्मा पुसला आणि मसुदा वाचायला घेतला.

"'लिहून घेणार ही माझी पत्नी असून तिचेवर माझे अत्यंत प्रेम व जिव्हाळा असल्याने...'"

पंचफुलाला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबूनही थांबेना. इंद्रभान खाली मान घालून चपलेचा अंगठा पाहू लागला.

"हे काढू का?" अर्जुनरावांनी अवघडून विचारलं. "सगळ्याच बक्षीसपत्रांत असतं हो ते."

"राहू द्या," चांगुणा म्हणाली. "लिहाले काय जाते!"

अर्जुनराव पुढं वाचत शेवटापर्यंत आले. सगळं ठीक होतं. एवढ्यात इंद्रभान घसा खाकरून म्हणाला, "साहेब, त्याच्यात अजून एक ओळ टाका. मी मरेपर्यंत मले त्या घरात राह्याचा हक्क राहील म्हनून."



"काऊन?" चांगुणानं विचारलं.

"म्हातारपनी कोठी जाईन मी?" इंद्रभानचा आवाज खरोखरच पडला होता. "तठी खोली तिच्या भावाची हाये. आज कमावतो म्हनून ठेवते. हातपाय थकले की काढून देतीन मले. तुले अर्धं घर देऊन राह्यलो, एक कोपरा नको ठेऊ का मी?"

त्याचं तोंड पाहून चांगुणाला दया आली. खोटं कशाला सांगायचं, आलीच. या माणसाबरोबर तिनं संसार केला होता. त्याला अंधारात एकट्यानं बाहेर जायची भीती वाटते, हे तिच्याशिवाय मोताळा तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. पंचफुलानं तिला कोपरानं ढोसलं. "टाकू दे न वं एक ओळ. आज सही केल्याशिवाय गेला तं पुन्हा हाती लागाचा नाई."

तेही खरंच होतं. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट त्याच्या खिशात होतं. आज सही झाली नाही, तर अर्धं घर त्याचंच राहणार होतं, आणि उद्या पुन्हा कुणी फीत घेऊन येणार होता. पण ती ओळ कागदात आली, तर मग वेगळं काय होणार? रात्री दार वाजलं, तर उघडावंच लागणार. एकटा येवो, त्या बाईला घेऊन येवो, पिऊन येवो.

"ओळ नाई टाकाची," चांगुणा म्हणाली.

"मंग मी सही नाई करत." इंद्रभान उठला आणि बाजाराच्या गर्दीत शिरला.

अर्जुनरावांनी चष्मा काढून ठेवला. पुंजाजी त्याच्यामागं धावणार, तोच चांगुणानं त्याला हातानं थांबवलं. तिनं पदर खोचला आणि स्वतःच निघाली. पळाली नाही. भज्यांच्या गाडीपाशी तो सापडला, कागदावर भजी घेऊन उभा. भूक काही त्याला कधी सोडून गेली नव्हती.

"एक सांगा," ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. "त्या घराच्या खिडक्या कोन्या अंगाले हायेत?"

त्यानं एक भजं उचललं.

"बरं, न्हानी कोठी हाये? दारातून गेलं की उजवीकडे, का डावीकडे? उन्हाळ्यात कोनती भिंत तापते? पानी कोठून गळे, अन् ते मी कसं बंद केलं?"

इंद्रभानच्या हातातलं भजं हातातच राहिलं. त्याचे ओठ हलले, पण तो डावीकडेही म्हणाला नाही आणि उजवीकडेही नाही.

"पायथा भरला अन् तुमी गेले. त्या घरात एक रात नाई निजले तुमी. अन् तुमचा कोपरा मांगता? कोनता कोपरा, त्याचं बोट तरी दाखवा!" तिचा आवाज चढला तशी भजीवाल्यानं कढईखालचा गॅस बारीक केला. "म्हातारपनी कोनी काढून देलं, तं या. दार वाजवा. उघडाचं का नाई, ते मी ठरवीन. मी, कागद नाई. याच्यापुढं माह्यापाशी देयाले काही नाई."

राग निघून गेल्यावर तिला एकदम रडू आलं. तिनं ते गिळलं नाही, पुसलंही नाही. तशीच उभी राहिली.

इंद्रभाननं भज्यांचा कागद गाडीवर ठेवला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "चाल."

आत कॅमेऱ्यासमोर दोघांना आळीपाळीनं बसवलं, अंगठे घेतले. साहेबांनी इंद्रभानला विचारलं, "स्वखुशीनं देताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

"नाई साहेब. घर तिनंच बांधलं," इंद्रभान म्हणाला. विचारलं होतं त्यापेक्षा हे जास्त होतं, आणि चांगुणानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. सुरतेला गेल्यापासून त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड वाक्य असावं.

"आणि बाई, तुम्हाला मान्य?"

"हाव!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की रांगेतली माणसं वळून पाहू लागली.

बाहेर आल्यावर पुंजाजी बाजार करायला गेला. इंद्रभान मात्र बसस्टँडपर्यंत बायांच्या मागं मागं आला. गाडीला वेळ होता. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत तो बराच वेळ घुटमळला.

"चांगुणा," शेवटी तो म्हणाला, "घर पाहाले येऊ का? गाडीले अजून टाइम हाये. नुसतं पाहून जाईन."

चांगुणानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मिशी पांढरी झाली होती, कॉलर विटली होती. राग शोधूनही सापडेना, म्हणून तिलाच आश्चर्य वाटलं.

"आज नाई," ती म्हणाली. "आज मले एकटीले जायचं हाये घरी."

"मंग कवा?"

"मले वाटलं, की सांगीन."

त्यानं मान हलवली, दोघींना जय भीम केला आणि मलकापूरच्या बसकडे निघाला. गावची बस लागली. चांगुणा खिडकीशी बसली. पंचफुलाच्या पोटात प्रश्न मावत नव्हता, बसनं वळण घेताच तिनं विचारलं, "खरं सांग वं, येऊ देशीन का त्याले?"

"मले काय माईत?" चांगुणा म्हणाली, आणि तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. "माह्या घरात येऊ का म्हनून मले आजवर कोनी इचारलंच नोयतं, बाई. आज पयल्यांदाच इचारलं."