सासऱ्यांची फेरी

टेलरमास्तरांच्या टेबलावर छोट्या आगगाडीचे रूळ मांडलेले होते. बटण पिळलं की रुळांत वीज जाई आणि इंजिनाबरोबर पलंगावरचे सासरेही उठून टेबलाभोवती फिरू लागत. गाडी थांबली की तेही जागच्या जागी थांबत. एकदा अख्खी दुपार कपाटाला नाक लावून उभे होते.

"तुमच्या गाडीपायी बाबांची फरफट नको," बायको करवादली.

मास्तरांनी गाडी चालवायचं डिजिटल यंत्र आणलं. त्यात ज्याचा नंबर दाबावा तेवढंच हलणार. नंबर बायकोने भरले. गाडी धावली, सासरे घोरतच राहिले. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"इंजिनाला एक दिलास. मग दोन कोणाला?"

बायकोने दोन दाबला, आणि मास्तर भांडी घासायला उठले.